गवताशेजारी स्टायलो जपा

पडीक रानात मारवेल गवत आणि स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक
आपण एकत्र लावतो.
पाऊस ओढ देतो,
तेव्हा दोघांत पाण्यासाठी चढाओढ लागते.

मारवेलची तंतुमुळं वरच्या थरात दाट पसरतात.
तिथली ओल ती पटकन शोषतात.

स्टायलोचं सोटमूळ खोल जातं.
खालच्या ओलीवर ते तग धरतं.
पण रोप कोवळं असताना
हे मूळ उथळच असतं.
त्यात गवताची सावली पडते.
रोप मागे पडतं.

जमीन सुकली,
की स्टायलोच्या मुळांवरच्या गाठींचं नत्र बांधण्याचं कामही मंदावतं.

म्हणून दोन्हींच्या ओळी वेगळ्या ठेवा.
गवत वेळेवर कापा.

थोडक्यात,
पहिल्या वर्षी स्टायलोला जपा.
पुढच्या उघडिपीत
तोच जनावरांना प्रथिनयुक्त चारा देईल.