पिस्तूल शिकवावे की नाही?

मास्तरकी करणाऱ्या माणसाला 'शिकवाल का?' असं कुणी विचारलं, की तो सहसा नाही म्हणत नाही. परवा मात्र एका स्नेह्यांनी विचारलं आणि मी चार दिवस गप्प बसलो. ते म्हणाले, "सर, एन.सी.सी.च्या पोरांना इतकी वर्षं रायफल शिकवलीत. आता रविवारी पिस्तुलाचा परवाना मागणाऱ्यांना शिकवा की!"

परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जिल्हाधिकारी देतात. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराला प्रशिक्षणाचा दाखलाही लागू केला. हत्यार हाताळणं, त्याची निगा, ते सुरक्षित ठेवणं, हे सारं त्यात येतं. आणि दाखल्यावर सही मान्यताप्राप्त प्रशिक्षकाची.

आमच्या पलूस भागात बंदुकीला मान आहे. शेजारचं कुंडल म्हणजे १९४२ नंतरच्या प्रतिसरकारचं ठाणं. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं रयतेच्या हत्यारावर बंधन घातलेलं. तेव्हा ते हाती धरण्याला अर्थ होता. आज ते कमरेला लावून वरातीत मिरवण्याला तो अर्थ नाही. इतरांच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा बार काढला, तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

माझी अडचण निराळीच होती. आमची रायफल सरावानंतर मोजून कोठारात जाते; रिकाम्या पुंगळ्यासुद्धा आम्ही मोजतो. पिस्तूल मात्र घरी जातं. उशाखाली, कपाटात, पोरंबाळं खेळतात तिथं. उद्या काही बरंवाईट झालं, तर दाखल्यावर सही माझी!

घरी बोललो. ही म्हणाली, "तुम्ही शिकवलं नाही, म्हणून घेणारे घ्यायचे थांबणार आहेत का?"

थांबणार नाहीत. तेव्हा मी ठरवलं, रीतसर मान्यता मिळाली तर शिकवायचं. पण दोन अटींवर. पहिला धडा नेमाचा नाही, कुलपाचा. हत्यार रिकामं दिसलं तरी भरलेलं समजावं, आणि बोट चापापासून दूर असावं. दुसरी अट, ज्याला हे जमणार नाही त्याला सही नाही. मग तो भावकीतला असो की पुढारी. यानं गावात चार माणसं दुखावतील, हे मी जाणून आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपण पोरांना दोन-चार कृपागुण देऊन वरच्या वर्गात घालतो. त्यात फारसं कुणाचं बिघडत नाही. या एका विषयात मात्र कृपागुण नाहीत.