एकच रंग ठेवायचा, तर तो कुणाचा?

घनसावंगी, अंबड, परतूरकडून आलेल्या छायाचित्रकार मित्रमैत्रिणींनो,

लग्नसराई संपली, अल्बमची उधारी अजून निम्मी यायची आहे आणि गणपती तोंडावर आलेत. अशात दुकानाचं शटर ओढून तुम्ही कुंभार पिंपळगावात जमलात, याचं मला कौतुक आहे. आज १९ ऑगस्ट. १८३९ साली याच तारखेला पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची कृती जगापुढे खुली झाली. अध्यक्षानं खरं तर तिथून सुरुवात करून तासभर बोलावं, पण सकाळी बाहेर मांडलेल्या तुमच्या फ्रेमा पाहिल्या आणि विषय तिथंच सापडला. नवरदेव काळापांढरा, हातातला गुलाब लाल. नवरी काळीपांढरी, शालू लाल. एका फोटोत तर मोसंबीच्या बागेत जोडपं उभं आहे आणि रंग फक्त मोसंब्यांना!

करड्या चित्रात एकच रंग असला की डोळा आधी तिकडेच धावतो. म्हणजे गुलाब पहिल्या पंगतीला आणि नवरदेव दुसऱ्या. पैसे मात्र नवरदेवानं दिलेले असतात.

ही हौस फोटोशॉपनं आणली असं समजू नका. दागेरच्या पत्र्यांवरच्या फोटोंतसुद्धा गालांना गुलाबी आणि दागिन्यांना सोनेरी रंग भरत. पुढं ही हौस आपल्याकडेही आली. आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचं नाव आपल्या धंद्यात आजही कान पकडून घेतात. त्याच काळात राजस्थानातले चित्रकार फोटोवर रंग चढवत. गालिचा, पडदा, अंगरखा सगळं जाड रंगानं झाकून टाकत आणि चेहऱ्यावर मात्र अगदी हलका हात. खालचा फोटो तिथं दिसत राही. आपण नेमकं उलटं करतो. चेहऱ्याचा रंग काढतो आणि फुलाचा ठेवतो.

त्या काळच्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. कुंकू त्यांवर जवळजवळ काळं उमटे. त्यामुळे रंग भरणाऱ्याला घरच्यांना विचारावंच लागे, लुगडं कोणतं होतं, काठ कसला होता. माझ्या वस्तादांकडे अशी विचारपूस मी ऐकली आहे. आजीचं लुगडं हिरवं की जांभळं, यावर दोन सुनांची दुकानातच जुंपायची. आता मोबाइलमधलं अ‍ॅप कुणाला न विचारता आजीला निळं लुगडं नेसवतं, आणि नातवंडं तेच खरं धरतात.

एकरंगी फोटो काढूच नका, असं मी म्हणत नाही. बाहेर हळदीचा एक फोटो आहे, तो जरूर पाहा. मांडव, पाहुणे, पाट सगळं करडं आणि पिवळं फक्त नवरीच्या गालावर, कानामागे, बोटांच्या पेरांत. तिथं रंग चेहऱ्यावरच बसला आहे, डोळ्याला दुसरीकडे जायला जागाच नाही. शिवाय हळद लावणाऱ्या मावशीच्या तळहातावरही थोडी पिवळी झाक ठेवली आहे. काम करणाऱ्याला समज आहे.

ही झाक फार जण पुसतात. लाल शालूचा रंग हनुवटीखाली, गळ्यावर पडलेला असतो. तुम्ही पेन टूलनं शालू काठोकाठ कापता आणि बाकीचं करडं करता. मग शालू वरून चिकटवल्यासारखा दिसतो आणि गिऱ्हाइकाला काय खटकतंय ते सांगता येत नाही. मास्कची कड मऊ ठेवा. ब्रशची ओपॅसिटी वीस-पंचवीसवर आणून गळ्यावर थोडा लाल परत येऊ द्या.

आता गोरेपणाचं. फोटो काळापांढरा करताना लाल रंगाचा स्लायडर वर नेला की आपल्याकडची कातडी उजळते आणि सुरकुत्या विरतात. निळा वाढवून लाल उतरवला की उन्हानं रापलेला चेहरा रेघ न् रेघ उघडा पडतो. म्हणजे ‘मी एडिटिंग केलंच नाही, नुसता ब्लॅक अँड व्हाइट केला’ हे म्हणणं खरं नसतं. शेतकरी आजोबांना लाल चॅनलनं धुऊन काढणं आणि स्थळासाठी आलेल्या मुलीला ‘दोन शेड गोरी’ करणं, ही मला एकाच माळेची कामं वाटतात. मुलीचा बाप मागतो, हे मला माहीत आहे. तरी मूळ फाइल जपून ठेवा आणि तिचीही एक प्रिंट मुलीच्या हातात द्या.

सगळ्यात नाजूक काम श्रद्धांजलीच्या फ्रेमचं. गेलेल्या बाईच्या कपाळी कुंकू ठेवायचं की नाही, हे आपल्यापैकी कित्येक जण परस्पर ठरवून मोकळे होतात. ती सवाष्ण गेली असेल, फोटो काढल्यानंतर विधवा झाली असेल, किंवा विधवा असूनही कुंकू लावत असेल. मुलाला विचारा, आणि जमलं तर तिच्या बहिणीला नक्की विचारा. बहिणीला जास्त माहीत असतं. एवढं विचारून ठेवलेलं लाल कुंकू करड्या चित्रात कितीही उठून दिसलं, तरी मी त्याला नावं ठेवणार नाही.

जेवणानंतर मास्कचं प्रात्यक्षिक आहे. ज्यांच्या फ्रेमांना मी नावं ठेवली, त्यांनी आपापल्या मूळ फाइली घेऊन पुढच्या ओळीत बसावं. आपण त्यांवरच काम करू.