घराच्या अर्जात वाटेचे कलम



 मला विशेष समाधान याचे वाटते की, श्रमिकांच्या निवाऱ्याचा विचार करणारी ही परिषद शहरातील एखाद्या सुशोभित सभागृहात न भरता, जेथे काम मुबलक आणि घर दुर्मिळ आहे अशा शेंद्र्यातच भरली आहे. मांगीरबाबाच्या यात्रेमुळे पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाणारे हे गाव आधी पंचतारांकित औद्योगिक वसाहत म्हणून आणि नंतर ऑरिक या नावाने देशाच्या नकाशावर आले. शेंद्रा व बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांच्या या नगरीत साधारण साठ टक्के भूमी उद्योगांसाठी व उरलेली निवास, व्यापार आणि मोकळ्या जागांसाठी राखलेली असून, माणसाने घरून चालत कामावर जावे हे तिचे घोषित तत्त्व आहे. या तत्त्वाचा मी मनापासून पुरस्कर्ता आहे. माझा प्रश्न इतकाच की, चालत जाण्याच्या अंतरावरचे ते घर कोणाच्या पगारात बसणार?

दुसरी पाळी सुटते तेव्हा रात्रीचे अकरा-बारा झालेले असतात. कायम कामगारासाठी कारखान्याची बस फाटकाशी उभी असते. कंत्राटी कामगाराला ती सोय क्वचितच लाभते. तो जालना रस्त्यावर येऊन एखाद्या शेअर रिक्षाची वाट पाहतो, नाहीतर हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल काढून, मालमोटारींच्या प्रखर दिव्यांत डोळे किलकिले करीत, मुकुंदवाडी किंवा पुंडलिकनगरपर्यंतचे पंधरा किलोमीटर तोडतो. हे टाळावे म्हणून कुणी जवळच्या कुंभेफळात खोली घेतो, तर तेथे पत्र्याचे छप्पर, चार खोल्यांमागे एक नळ, आणि पाळ्या निराळ्या असल्यामुळे एकाच अंथरुणावर आळीपाळीने झोपणारे तिघे. बायको-मुले मात्र परतूरला किंवा मंठ्याला, गावाकडेच. भाडे, पेट्रोल, गाडीचा हप्ता आणि गमावलेली झोप या सर्वांची बेरीज म्हणजे त्या माणसाच्या घराची खरी किंमत होय, आणि जी योजना केवळ सदनिकेची किंमत सांगून घर परवडणारे असल्याचा निर्वाळा देते, तिने हिशेब अर्धाच केलेला असतो.

ज्या शहराच्या छायेत आपण बसलो आहोत, त्याचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. मलिक अंबराने सन १६१० मध्ये या शहराचे पूर्वरूप असलेली खडकी वसवली, डोंगरातील पाणी नहरीने खेळते केले, आणि त्या पाण्याच्या आधारावर वस्त्या फुलल्या. वस्तीला जे अत्यावश्यक, त्याची तजवीज राज्यकर्त्याने स्वतः केली. आज श्रमिकांच्या वस्तीला पाण्याइतकेच वाहन अत्यावश्यक झाले आहे. या प्रदेशाने वाहनासाठी लढा दिला नाही असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या मुलखातून गेलेला मनमाडचा मीटरगेज लोहमार्ग रुंद व्हावा म्हणून गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली, आंदोलने केली, दिल्लीच्या दिरंगाईपुढे हार मानली नाही, आणि मार्ग रुंद झाला. परंतु त्या रुंद मार्गावरच्या करमाड स्थानकाभोवती नियोजनपूर्वक वसवलेली श्रमिकांची वसाहत आजही नाही.

शासनाने ज्यांची तजवीज केली नाही, त्यांनी आपली तजवीज आपणच केली. शहराभोवतीच्या शेतांचे गुंठ्या-गुंठ्यांनी तुकडे पडले, शंभराच्या बाँडवर व्यवहार झाले, आणि सातबाऱ्यावर शेती असलेल्या जमिनीवर दोन-दोन मजली घरे चढली. २००१ साली गुंठेवारी विकासाच्या नियमितीकरणाचा अधिनियम झाला, पुढे २०२१ साली त्याची मुदतही वाढवण्यात आली. तरी रस्ता, मलवाहिनी व बसथांबा यांची जागा जी सुरुवातीला सुटली नाही, ती नियमितीकरणाने परत मिळत नाही. गुंठेवारीत राहणाऱ्यांना दोष देणारे भाषण मी पुष्कळ ऐकले आहे. माझ्या मते, या शहरात गरिबाला परवडेल असे घर सर्वांत अधिक संख्येने कोणी बांधले असेल तर ते याच लोकांनी. वाळूजकडे रांजणगाव शेणपुंजीत काय झाले हे आपण पाहिले आहे: कारखाने आधी आले, खोल्या मागून दाटल्या, आणि एका ग्रामपंचायतीवर नगराएवढ्या वस्तीचा भार पडला. कुंभेफळाचे तसे होऊ द्यायचे की नाही, हे ठरवण्याची वेळ अजून टळलेली नाही.

संघटित मागणीने काय साधते, हे सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी दाखवून दिले आहे. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी कुंभारी येथे आधी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत मिळवली, जिचा प्रारंभ २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाला. आणि त्यानंतर रे नगर ही तीस हजार घरांची योजना मंजूर करून घेतली, तिच्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लोकार्पित झाली. ज्यांची दिवसाची मिळकत विड्यांच्या हजारीवर मोजली जाते, त्या बायकांनी सरकारे बदलली तरी मागणी बदलू दिली नाही, याबद्दल मला अपार आदर आहे. परंतु एक भेद ध्यानी घ्यावा. विडी घरी वळली जाते, पान-तंबाखू देणारी शाखा वसाहतीजवळ आणता येते; शेंद्र्याच्या कामगाराचे यंत्र त्याच्या दारी येत नाही. म्हणून सोलापूरची चिकाटी आपण घ्यावी, पण शहरापासून दूर स्वस्त जमीन शोधण्याचा मार्ग येथे तसाच गिरवू नये.

घर आणि वाहन एकत्र कसे योजावे, हे जाणण्यासाठी नवी मुंबईकडे पाहावे लागते. तेथे लोहमार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भार सिडकोने स्वतः उचलला, १९९२ साली गाडी खाडी ओलांडून वाशीस पोहोचली, आणि अलीकडच्या काळात बामणडोंगरी, खारकोपर, मानसरोवर अशा स्थानकांलगत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी घरे योजली गेली. काही ठिकाणी आधीच्या रहिवाशांनी हरकत घेतली. मोकळी जागा जाईल, गर्दी वाढेल, ही त्यांची भीती सर्वस्वी अनाठायी होती असे मी म्हणणार नाही, आणि अशा हरकतीला आकडे व नकाशे घेऊन उत्तर देणे हेही आपलेच काम आहे. अधिक कठीण अडचण किमतीची. स्थानक अथवा मार्ग जाहीर झाला की भोवतालच्या जमिनीचा भाव चढतो आणि ज्यांच्यासाठी मार्ग काढला तेच तेथून हटतात. शेंद्रा ते वाळूज मेट्रोचा प्रस्ताव अद्याप कागदावर आहे. जमीन राखून ठेवण्याचा काळ म्हणूनच आजचा.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत, चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर वीस टक्के लहान घरांची तरतूद आहे. परंतु शेंद्रा महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे आणि ऑरिकची नियमावली स्वतंत्र. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या दप्तरात बहुतांश अर्ज आपल्या जमिनीवरचे आरक्षण उठवावे म्हणून खातेदारांनी केलेले असतात. भाडेकरूचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून सुनावणीत आपल्याला स्थान नाही अशी त्याची समजूत असते, आणि ती समजूत दूर करणारे कोणी त्याला भेटत नाही. वस्तुतः सूचना देण्यास मालकी लागत नाही. येथे बसलेल्या प्रत्येक वास्तुविशारदाने आणि अभियंत्याने एकेका गावातील भाडेकरूंचे अर्ज लिहून द्यावेत, आणि सुनावणीच्या दिवशी त्यांच्याशेजारी उभे राहावे.

आपल्यापुढे ठेवलेल्या ठरावाच्या मसुद्यात घरांची मागणी दुसऱ्या कलमात आणि बससेवेची सातव्या कलमात आहे. पहिली गृहनिर्माण खात्याकडे जाईल, दुसरी परिवहनाकडे, आणि दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतील. अध्यक्ष या नात्याने माझी दुरुस्ती अशी की, ही दोन्ही कलमे एकत्र करावीत आणि त्यात असे लिहावे: करमाड स्थानक व जालना रस्त्यावरील थांब्यांपासून चालत जाण्याच्या अंतरात सार्वजनिक मालकीची जमीन भाड्याच्या व अल्प किमतीच्या घरांसाठी आताच राखावी, तिन्ही पाळ्यांच्या वेळा धरून बस सुटावी, आणि पहिल्या घराचा ताबा देण्याच्या दिवशी पहिली बस सुरू असावी. ही दुरुस्ती मी सभेपुढे मांडतो; तिच्यावर प्रथम कुंभेफळ व करमाड येथील प्रतिनिधींनी बोलावे, अशी माझी विनंती आहे.