चामखीळ आणि कष्टकऱ्याचा हात



कामगार संघटनेचा माणूस या व्यासपीठावर उभा राहिला की तो मजुरी आणि बोनस यांवरच बोलणार, असे आपण धरून चालता. मी आज चामखिळीवर बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु हात हेच ज्याचे भांडवल, त्याच्या हाताचे दुखणे क्षुल्लक कसे म्हणावे? हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलणाऱ्याच्या बोटावर चामखीळ आली, तर पोत्यागणिक ती घासते आणि रक्त येते.

मग उपाय सुरू होतात. कोणी सोडा-चुना लावतो, कोणी बिब्बा, कोणी उदबत्तीचा चटका देतो. चुन्याला आणि बिब्ब्याला चामखीळ कोणती व निरोगी कातडी कोणती हे कळत नाही. बिब्ब्याने हात सुजतो, फोड येतात. चुन्याने खोल जखम होते. चामखीळ राहते आणि मजुरी मात्र बुडते.

तरीही "अमक्याची गेली" हा दाखला गावोगाव मिळतो. त्याचे इंगित ऐका. चामखीळ विषाणूमुळे होते. १९०७ साली इटलीतील चुफो यांनी चामखिळीचा गाळीव अर्क टोचून हे दाखवून दिले. शरीराने त्या विषाणूला ओळखले की चामखीळ आपोआप जाते. मुलांच्या सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत अशाच जातात. श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळते!

चिवट चामखिळीला आगीपेक्षा चिकाटी मानवते. औषधाच्या दुकानात सुमारे १७ टक्क्यांचे सॅलिसिलिक ॲसिड मिळते. रात्री हात पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावा, वरची मेलेली कातडी वज्रीने हलकेच घासावी, भोवती व्हॅसलिन लावून औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर ठेवावा. हा क्रम रोज, बारा आठवड्यांपर्यंत. आठ दिवसांत सोडून देणाऱ्याला गुण येत नाही. कातडी फार झोंबली तर चार दिवस थांबावे. ती वज्री दुसऱ्याने वापरू नये. चामखीळ कुरतडू नये, तिच्यावरून वस्तरा फिरवू नये. त्याने ती पसरते.

तळपायाचे प्रत्येक कुरूप चामखीळ नसते. वरची कातडी घासल्यावर बारीक काळे ठिपके दिसले, तर बहुधा ती चामखीळ समजावी.

घरच्या उपायालाही मर्यादा आहे. चेहरा व गुप्तांग यांवर हे औषध लावू नये. मधुमेह असेल, जागा बधिर असेल, गाठ झपाट्याने वाढत असेल, रंग बदलत असेल वा आपोआप रक्त येत असेल, तर सरकारी दवाखाना गाठावा. बधिर चट्टा कुष्ठरोगाचाही असू शकतो. तो वेळीच दाखविला तर पूर्ण बरा होतो.

बंधूंनो, आपल्याला रोजच्या रोज दाम हवा असतो, म्हणून उपायही एका रात्रीचा हवासा वाटतो. पण संघटना एका सभेत उभी राहत नाही, आणि चामखीळही एका चटक्यात जात नाही. हाताला जपा. त्या हातावर घर चालते.