संघसहल आणि इटलीतील चार नगरे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे सध्या एक सूचना विचाराधीन आहे. ज्ञातीतील तीस-चाळीस मंडळींनी एकत्र जमून, एखाद्या प्रवासी कंपनीच्या द्वारे, दक्षिण युरोपातील ऐतिहासिक नगरांची सहल करावी, असा त्या सूचनेचा आशय आहे. मी अशाच एका सहलीबरोबर इटलीत जाऊन आलो असल्यामुळे या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांनी आज्ञा केली. अमुक ठिकाणी काय खाल्ले आणि तमुक ठिकाणी किती थंडी वाजली, हे सांगून आपला वेळ घेण्याचा माझा विचार नाही. संघाने जावे काय, आणि गेल्यास कसे जावे, एवढाच प्रश्न माझ्यापुढे आहे.

संघाने प्रवास करणे आपल्याला नवे नाही. पंढरीच्या दिंडीला चोपदार असतो, मुक्काम ठरलेले असतात, सामान घेऊन गाडी पुढे जाते आणि मागून येणाऱ्यांची जेवणाची सोय झालेली असते. युरोपात हीच व्यवस्था व्यापाराच्या पायावर उभी करणारा गृहस्थ म्हणजे टॉमस कुक. १८४१ मध्ये त्याने इंग्लंडातील लेस्टर गावाहून लफबरोपर्यंत खास आगगाडीने माणसे नेली, ती मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी. आणि १८६४ मध्ये त्याची मंडळी थेट इटलीत जाऊन पोहोचली. पुढच्याच वर्षी चार्ल्स लीव्हर नावाच्या, इटलीत वकिलातीच्या नोकरीवर असलेल्या एका कादंबरीकाराने या कळपांची यथेच्छ टर उडविली. म्हणजे संघसहल आणि संघसहलीची निंदा या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वयाच्या आहेत. मला त्या निंदेत सामील व्हावयाचे नाही. ज्यांना परभाषा येत नाही, ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्याबरोबर जाण्यास घरी कोणी उरलेले नाही, अशा माणसांना रोमचे दर्शन घडते ते संघामुळेच. आमच्या मंडळींत सत्तरी उलटलेल्या एक काकू होत्या. पिशवीत मेतकुटाची बरणी आणि चिवड्याचा डबा घेऊन त्यांनी सारी इटली पायाखाली घातली. त्यांनी एकटीने जावे, असा उपदेश करणाऱ्याने आधी त्यांच्या वयाचे व्हावे.

तथापि, या व्यवस्थेचे अंतरंग आपण नीट जाणून घेतले पाहिजे. सहलप्रमुख आपल्याबरोबर सर्वत्र असतो. परंतु स्मारकांची माहिती देण्याचे काम परवाना असलेल्या स्थानिक मार्गदर्शकाचे. त्याचा शब्द आपल्या कानातल्या यंत्रात उमटतो. गाडीच्या चालकावर युरोपीय संघाच्या कायद्याचे बंधन असते. साडेचार तास गाडी हाकल्यावर त्याने ४५ मिनिटे थांबलेच पाहिजे. दिवसाकाठी सामान्यतः ९ तासांहून अधिक त्याने गाडी हाकू नये. रोजची विश्रांतीही ठरलेली. ही सर्व नोंद गाडीतील यंत्र आपोआप करीत असते. ‘जरा थांबा हो’ ही आपली प्रेमळ विनवणी त्या यंत्रास कळत नाही. एखाद्या दुकानात कोणी वीस मिनिटे अधिक रेंगाळला, तर ती वीस मिनिटे पुढच्या नगराच्या वाट्यातून कापली जातात, आणि त्याचा भुर्दंड सर्वांना बसतो.

आता वेळेचा हिशेब पाहा. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत दहा दिवसांत सात नगरे होती. फ्लॉरेन्सला आम्ही अकरा वाजता पोहोचलो आणि चार वाजता निघालो. मोठ्या गाड्यांना जुन्या नगरात मज्जाव असल्यामुळे गाडीतळापासून जाण्या-येण्यात एक तास गेला, भोजनात दुसरा, आणि चामड्याच्या वस्तूंच्या एका दुकानात, जे पाहण्याची इच्छा कोणी व्यक्त केली नव्हती, पाऊण तास. उरले सव्वादोन तास. ज्या नगराच्या महामंदिरावरील घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० पासून १४३६ पर्यंत, खालून लाकडी आधाराची कमान न उभारता, विटांच्या विशिष्ट तिरप्या रचनेच्या बळावर चढविला, त्या नगराला आम्ही सव्वादोन तास दिले. घुमटाला सोळा वर्षे लागली, हे मात्र मार्गदर्शकाने आम्हांस आवर्जून सांगितले.

त्या सव्वादोन तासांत जे पाहावयाचे राहिले, त्यातील एका गोष्टीचा आपल्या महाराष्ट्राशी साक्षात संबंध आहे. सहल संपल्यावर आम्ही उभयता तीन दिवस मागे राहिलो, म्हणून ती पाहता आली. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेस आर्नो नदीच्या काठाने कास्चिने नावाचे लांबच लांब उद्यान आहे. त्याच्या अगदी टोकाला, जेथे मुन्योने नावाची लहानशी नदी आर्नोला मिळते, तेथे एक छत्री उभी आहे. छत्रीखाली रंगविलेला अर्धपुतळा आहे, तो कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचा. हे राजाराम महाराज दुसरे. १८७० मध्ये ते विलायतेस गेले. त्यांचाही प्रवास एका अर्थी संघसहलच होता. इंग्रज सरकारने नेमलेला कॅप्टन वेस्ट हा अधिकारी त्यांच्यासोबत देखरेखीस होता. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे वीस वर्षांचे.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची चाल त्या देशात नव्हती. परंतु तेथील अधिकाऱ्यांनी विशेष परवानगी दिली, आणि नदीच्या काठी, दोन प्रवाहांच्या संगमावर, हिंदु रीतीने अंत्यसंस्कार झाला. संगमाचे माहात्म्य आपल्याला सांगावयास नको. १८७४ मध्ये त्या जागी हे स्मारक झाले. महाराजांची प्रवासातील दैनंदिनी वेस्टने १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. फ्लॉरेन्सचे लोक या स्मारकाला ‘इंडियानो’ म्हणजे ‘हिंदी माणूस’ या नावाने ओळखतात. १९७० च्या दशकात जवळच बांधलेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडले. त्या पुलावरून रोज जाणाऱ्या नागरिकाच्या तोंडी आपल्या छत्रपतींची अशी नकळत आठवण आहे. आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या आमच्या गाडीच्या पत्रिकेत मात्र त्या स्थळाचा उल्लेखही नव्हता. सहलप्रमुखास विचारले, तेव्हा तो बिचारा म्हणाला, ‘ते कार्यक्रमात नाही.’ त्याचा दोष नाही. कार्यक्रम करणाऱ्याला ते ठाऊक नव्हते आणि कार्यक्रम विकत घेणाऱ्यांनी ते मागितले नव्हते.

दुसरे उदाहरण पिसा नगराचे. तेथील कलता मनोरा ११७३ मध्ये सुरू झाला आणि सुमारे दोनशे वर्षे बांधला जात होता. १९९० मध्ये तो धोक्याचा ठरून बंद झाला. उत्तरेकडील पायाखालची माती हळूहळू काढून घेऊन त्याचा कल थोडा कमी करण्यात आला आणि २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. आमच्यातील बहुतेकांनी हात वर करून मनोऱ्याला टेकू दिल्याची छायाचित्रे काढून घेतली. हरकत नाही, मौज आहे. परंतु त्याच आवारात काम्पोसांतो म्हणून स्मशानवास्तू आहे, आणि तिच्यात पिसाच्या लेओनार्दोचा, म्हणजे जग ज्याला फिबोनाची म्हणते त्याचा, पुतळा आहे. व्यापाऱ्याच्या पोटी जन्मलेला हा मनुष्य उत्तर आफ्रिकेतील बुजिया बंदरी अंकगणित शिकला, आणि १२०२ मध्ये त्याने जो ग्रंथ लिहिला त्यात युरोपातील व्यापाऱ्यांना नऊ अंक व शून्य यांनी हिशेब कसा करावा ते शिकविले. त्या अंकांना त्याने स्पष्टपणे ‘हिंदूंचे अंक’ म्हटले आहे. गंमत अशी की, १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने आपल्या वह्यांत हे अंक वापरण्यास बंदी केली. नवे ते संशयास्पद, ही वृत्ती सर्व देशांच्या पेढ्यांवर सारखीच! ज्या अंकांनी आपण मनोऱ्याच्या तिकिटाचे पैसे मोजले, त्यांचा ऋणनिर्देश वीस पावलांवर असता आपण पाठ फिरवून टेकू देत बसलो.

रोमविषयी एकच गोष्ट सांगतो. पँथिऑन हे देवालय सम्राट हेड्रियनच्या काळी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, आजच्या रूपात उभे राहिले. त्याचा घुमट ४३ मीटरांहून अधिक रुंद असून आत लोखंडाची एक सळई नाही. लोखंडाविना ओतलेल्या घुमटांत इतका मोठा घुमट जगात दुसरा नाही. इसवी सन ६०९ मध्ये त्याचे ख्रिस्तमंदिर झाले, आणि म्हणूनच ते तगले. इतर देवालयांचे दगड लोकांनी घरे बांधण्यास नेले. आजही तेथे उपासना होते. आपण देवळात चप्पल घालून कोणी आले तर रागावतो. तेव्हा परक्याच्या देवळात मोठ्याने हाका मारू नयेत, इतका विचार सहलीस निघण्यापूर्वीच व्हावयास हवा.

आता व्हेनिस. येथे प्रश्न केवळ आपल्या लाभाचा राहत नाही, यजमानाच्या हिताचा होतो. १९५१ मध्ये जुन्या व्हेनिसमध्ये सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये ती संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. घरे प्रवाशांना भाड्याने जाऊ लागली, वाण्याचे दुकान मोडून तेथे मुखवट्यांचे दुकान आले, आणि रहिवासी खाडीपलीकडे मुख्य भूमीवर राहावयास गेले. यावर उपाय योजिले गेले. २०२१ पासून अजस्र प्रवासी जहाजांना नगरासमोरच्या कालव्यात बंदी झाली. २०२४ च्या एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पाच युरो प्रवेशपट्टी बसली. आणि त्याच वर्षी मार्गदर्शकाबरोबरच्या टोळीत पंचवीसहून अधिक माणसे नसावीत व ध्वनिवर्धक वापरू नये, असा नियम झाला. पाहुण्यांच्या वर्दळीने घरधन्यावर घर सोडण्याची पाळी यावी, असा हा प्रकार आहे. त्यात चार तासांसाठी येऊन, पूल अडवून, घरून आणलेले खाऊन परत जाणारा पाहुणा सर्वांत जड.

याच व्हेनिसमध्ये आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांनी अवश्य पाहावे असे काही आहे. तेथे ‘स्कुओला’ नावाच्या संस्था असत. शब्दाचा अर्थ शाळा, परंतु त्या शाळा नव्हत्या. एकाच व्यवसायाच्या, एकाच प्रदेशाच्या अथवा एकाच संताच्या भक्तांनी वर्गणी काढून स्थापिलेली ती मंडळे होत. आजाऱ्याची शुश्रूषा, गरीब मुलींच्या विवाहास साह्य, मृतांची उत्तरक्रिया, ही त्यांची कामे. आपल्या मंडळाच्या घटनेतील उद्दिष्टे वाचावीत तसे वाटते. समुद्रापलीकडील डाल्मेशियाहून येऊन व्हेनिसमध्ये स्थायिक झालेल्या लोकांनी १४५१ मध्ये असे मंडळ काढले, आणि पुढे कार्पाच्चो या चित्रकाराकडून आपले सभागृह चित्रांनी सजविले. सान रोक्कोच्या मंडळाने १४७८ मध्ये आरंभ करून पुढील शतकात तिंतोरेत्तोला वीसहून अधिक वर्षे काम दिले. नेपोलियनच्या अमलात अशी बहुतेक मंडळे बरखास्त झाली. ही दोन मात्र टिकली व आजही आहेत. परमुलखात आलेल्या मूठभर लोकांनी आपल्या आजाऱ्यांची काळजी घेता घेता जे उभारले, ते पाहावयास आज सारे जग येते. आपण आपल्या वर्गणीतून काय उभारीत आहोत, हा प्रश्न त्या सभागृहात बसलेल्या आपल्यातील कोणाच्याही मनात आल्यावाचून राहणार नाही. मात्र त्यासाठी तेथे बसावयास अर्धा तास मिळाला पाहिजे.

यास्तव माझे मत असे की, मंडळाने सहल काढावी. पण कंपनीची छापील पत्रिका जशीच्या तशी घेऊ नये. मंडळी पंचवीसहून अधिक नसावीत. दहा दिवसांत चारच नगरे असावीत, आणि व्हेनिसला रात्रीचा मुक्काम असावा, म्हणजे आपला पैसा त्या गावात राहील व सकाळी सहा वाजताचे गाव आपल्याला दिसेल. दुकानांचे मुक्काम करारातून लेखी वगळावेत. कास्चिने उद्यानातील छत्रीला अर्धा दिवस राखून ठेवावा. जाण्यापूर्वी चार महिने दर महिन्यास एक बैठक घेऊन प्रत्येकाने एका वास्तूचा अभ्यास करून बोलावे; त्यामुळे कानातल्या यंत्राबरोबर स्वतःचे कानही उघडे राहतील. आणखी एक. खर्च ज्याचा त्याने करावा, मंडळाच्या शिक्षणनिधीला हात लावू नये. उलट प्रत्येकाने थोडी अधिक रक्कम देऊन ज्ञातीतील एका शिक्षकाची अथवा शिक्षिकेची जागा भरावी. परतल्यावर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना चार व्याख्याने द्यावीत आणि या स्मरणिकेसाठी एक लेख लिहावा, एवढीच अट.

काकूंसारख्या वृद्धांना हा मंद वेग अधिक मानवेल, आणि तरुणांना अधिक पाहावयास मिळेल. सात नगरांची नावे सांगता आली नाहीत, म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. चार नगरांविषयी काही सांगता आले, तर ऐकणाराचे कल्याण होते.

कार्यकारिणीने या सूचनांचा विचार करावा, अशी विनंती आहे.