कोळशाची धूळ आणि फुप्फुस



झरिया किंवा राणीगंज येथील भूमिगत खाणीतून पाळी संपवून वर येणाऱ्या कामगाराचा काळवंडलेला चेहरा आपण निदान चित्रात तरी पाहिला असेल. ती काजळी साबणाने धुऊन जाते. मला आज बोलावयाचे आहे ते धुऊन न जाणाऱ्या काजळीविषयी.

श्वासाबरोबर आत गेलेले मोठे कण नाकातील केसांत आणि श्वासनलिकांतील चिकट श्लेष्म्यात अडकतात. नलिकांच्या अस्तरावरील सूक्ष्म पक्ष्माभिका हा श्लेष्मा सतत घशाकडे लोटीत असतात. कामगाराची थुंकी काळी दिसते, ती या व्यवस्थेचीच साक्ष होय. परंतु सुमारे ५ मायक्रॉनहून लहान असलेले कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. तेथे पक्ष्माभिका नसतात. पहारा असतो तो भक्षक पेशींचा.

भक्षक पेशी जंतू गिळते आणि पचविते. कोळशाचा कणही ती गिळते. पण तो तिला पचत नाही. धूळ थोडी असेल, तर ती वाहून नेली जाते. वर्षानुवर्षे धूळ येत राहिली, की कणांनी भरलेल्या पेशी जागीच साचतात व दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात. धुळीत क्वार्ट्झ असल्यास हानी अधिक होते. गिळलेल्या कणाभोवतीचे आवरण फाटते, पाचक द्रव्ये पेशीतच सांडतात आणि पेशी मरते. मोकळा झालेला कण दुसरी पेशी गिळते, आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. या दाहामुळे तंतू निर्माण करणाऱ्या पेशी चेतविल्या जातात. लहान श्वासनलिकांभोवती काळे ठिपके उमटतात आणि लगतचे वायुकोश फुगून निकामी होतात. काही रोग्यांत तंतूंच्या घट्ट गाठी वाढत जाऊन फुप्फुसाचा मोठा भाग व्यापतात. रक्षकाच्या धडपडीतूनच घराची पडझड व्हावी, असा हा प्रकार आहे.

अमेरिकेत १९६९ च्या कायद्याने खाणीतील धुळीवर मर्यादा घातली आणि पुढील तीन दशकांत हा रोग बराच ओसरला. नंतर ॲपलाचियन पर्वतप्रदेशात तो पुन्हा बळावला. तेथील जाड थर संपत आले होते. पातळ थरांतून कोळसा काढताना भोवतालचा खडकही कापला जाऊ लागला व धुळीतील क्वार्ट्झ वाढले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मध्य ॲपलाचियात २५ वा अधिक वर्षे काम केलेल्या तपासलेल्या कामगारांपैकी सुमारे पाचांत एकाला धूलिरोग आढळला. जिंकलेली लढाई अशीही हरता येते.

तयार झालेले तंतू विरघळविणारे औषध नाही. खाण सोडल्यानंतरही रोग वाढू शकतो, कारण धूळ कामगाराबरोबर घरी आलेली असते. क्ष-किरण चित्रात डाग दिसतो तेव्हा पेशींतील घडामोड फार पुढे गेलेली असते. म्हणून खरा उपाय फुप्फुसाच्या बाहेर, कोळसा कापला जातो त्या जागीच आहे: पाण्याचे फवारे, पुरेसा वायुवीजन-प्रवाह, धुळीचे प्रामाणिक मोजमाप आणि कामगारांची नियमित तपासणी. तोंडावरील मुखवटा हा शेवटचा आधार आहे. तो पहिला मानणे म्हणजे खाणीची जबाबदारी कामगाराच्या श्वासावर टाकणे होय.