बांध सरकला, शेत नव्हे



विजेवर चालणारी दुचाकी आतां शहरांतील पुष्कळ घरांच्या दारांत उभी असते. तिच्या बॅटरींत लिथियमचे घट, म्हणजे आपण ज्यांना सेल म्हणतों ते, एकापुढें एक जोडलेले असतात. प्रत्येक घटाचा दाब मोजीत राहणें आणि कांहीं गैर दिसल्यास प्रवाह तोडणें, हें काम एका लहानशा चिपकडे सोंपविलेलें असतें. ह्या घटांच्या एका प्रचलित जातींत ४.२ व्होल्ट ही भरण्याची कमाल मर्यादा होय. ती ओलांडल्यास घट तापून पेट घेण्याचा संभव असतो. म्हणून चिप चुकीचें वाचूं लागली, तर हानि दुहेरी होते. एक तर धडधाकट गाडी विनाकारण अडते. किंवा भरलेला घट रिकामा भासून त्यांत आणखी वीज भरली जाते.

अशा वेळीं बहुधा घटालाच दोषी ठरवून सबंध बॅटरी बदलावयास सांगतात. गाडींतील तीच अत्यंत महाग वस्तु. परंतु घट व चिप ह्यांच्या मध्यें तारा असतात, हें विसरतां कामा नये.

दोन शेजारी घट घ्या. दोहोंचा खरा दाब ३.७०० व्होल्ट आहे. त्यांच्या सांध्यापासून चिपकडे जाणारी तार दोघांची समाईक असते. तिचें टोक सैल झालें वा गंजलें आणि तिच्यांतून थोडा प्रवाह वाहूं लागला, म्हणजे कांहीं दाब त्या टोकावरच खर्ची पडतो. मग चिप एक घट ३.६०० वाचते व दुसरा ३.८००. बेरीज मात्र ७.४०० च राहते. शेताचा बांध सरकविला असतां एकाची जमीन जितकी कमी होते, तितकीच शेजाऱ्याची वाढते. एकंदर जमीन तेवढीच. तोच न्याय येथें लागतो. अगदीं टोकाच्या दोन तारा तेवढ्या समाईक नसतात. त्यांस हा नियम लागू नाहीं.

दुसरें कारण असें कीं, सर्व घट समान राखण्याकरितां चिप अधिक भरलेल्या घटांतील थोडी वीज रोधकांतून खर्च करिते. १० ओहमच्या रोधकांतून ५० मिलिअँपिअर प्रवाह गेला, तर अर्धा व्होल्ट तेथेंच जातो. मोजणी त्याच तारेवरून व त्याच क्षणीं झाली, तर आंकडा खोटा येणारच. म्हणून हें समतोलन थांबवून, गाडी स्वस्थ उभी असतांना मोजावें.

मग परीक्षा सोपी आहे. खात्रीच्या मीटरनें प्रथम प्रत्यक्ष घटाच्या टोकांवर, नंतर तारांच्या जोडावर, आणि शेवटीं चिपच्या पायांवर दाब मोजावा. आंकडा जेथें बदलतो, तेथें दोष. पायांवर ३.७०० असूनही चिप ३.६०० सांगत असेल, तरच चिपवर किंवा तिच्या आंकडेमोडीवर संशय घ्यावा. घटाच्या टोकांवरच दाब कमी आढळला, तर घट खरोखर उतरला आहे.

बॅटरी घरीं उघडूं नये. तें जाणत्या कारागिराचें काम. पण बॅटरी बदला असें त्यानें सांगितल्यास आपण एवढें अवश्य विचारावें: शेजारच्या घटाचा आंकडा तितकाच वाढला आहे काय, आणि प्रत्यक्ष घटावर मीटर लावून पाहिलें काय ? ह्या दोन प्रश्नांनीं खर्च वांचेल, आणि क्वचित् प्रसंगीं घरही वांचेल.